मुलांना जंतू कसे समजावून सांगता? (प्रश्नांची सरबत्ती चालू आहे, मदत हवी)

कांदेपोहे_डोंबिवली

लेक साडेसहा वर्षांची. शाळेत स्वच्छता सप्ताह झाला, त्यात पडद्यावर हिरवे, दातवाले, खदाखदा हसणारे जंतू दाखवले. हेतू चांगलाच असणार. परिणाम असा की ही बया आता फ्रॉकच्या टोकाने दाराची कडी काढते आणि आजी घास भरवायला गेली की "तुझ्या हातावर लाखो आहेत" म्हणून तोंड फिरवते. आजी तेव्हापासून गाल फुगवून बसली आहे.

एकीकडे ही भीती आणि दुसरीकडे कुतूहल. तिचे प्रश्न जसेच्या तसे देतो:

जंतूंना आई असते का? ते रात्री झोपतात का? साबणाने मेले की त्यांची प्रेतं कुठे जातात? दह्यात जंतू असतात असं तूच म्हणालास, मग दही का खायचं? रडलं की डोळ्यातले जंतू बाहेर येतात का? आणि शेवटचा: ते दिसत नाहीत, तर ते आहेत हे तुला कोणी सांगितलं?

शेवटच्याला मी "शास्त्रज्ञांनी" असं उत्तर दिलं. "आणि त्यांना कोणी सांगितलं?" इथे माझी दांडी गुल. जाणकारांनी प्रकाश टाकावा. घाबरवायचं नाही, पण खोटंही सांगायचं नाही, एवढीच अट.

पावशेर

आजींच्या बाजूने माझं एक मत. त्याच हातांवरच्या लाखोंनी तुम्हाला वाढवलंय. बाकी बसलोय चहा घेऊन, येऊ द्या.

सूक्ष्मजीवी

शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोलाचा आहे, तिथूनच सुरू करा. कोणी सांगितलं? तर हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या एका कापडवाल्याने. नाव आंतोनी फान लेवेनहुक. कापडाचा पोत बघायला भिंग लागायचं, त्यातून याला स्वतः भिंगं घासायचा नाद लागला. इवलंसं एकच भिंग धातूच्या पट्टीत बसवलेलं, डोळ्याला चिकटवून बघायचं. मिरी तिखट का लागते हे त्याला शोधायचं होतं, म्हणून त्याने मिरी पाण्यात भिजत घातली आणि काही दिवसांनी त्या पाण्याचा थेंब बघितला. तिखटपणाचं कोडं सुटलं नाही, पण थेंबात वळवळणारे जीव दिसले! हे १६७६ सालचं. लंडनच्या रॉयल सोसायटीला त्याने पत्र लिहून कळवलं, तिथल्या मंडळींना आधी पटेना, मग त्यांनी स्वतः भिंगातून बघितलं. पुढे १६८३ मध्ये त्याने आपल्या दातांवरचं किटण खरवडून बघितलं, तर तिथेही जत्रा भरलेली. त्या पत्रांतून त्याला झालेला आनंदच दिसतो, घाबरल्याचं कुठे दिसत नाही. लेकीला हे जरूर सांगा.

आता आई. एक जिवाणू मधोमध चिमटतो आणि त्याचे दोन होतात. दोन्ही लेकीच, मागे आई उरतच नाही. आतड्यातल्या एका जातीला पोषक जागा मिळाली तर वीस मिनिटांत ती दुप्पट होते. वहीत १, २, ४, ८ असं लिहायला लावा. दहाव्या दुपटीला १०२४, म्हणजे तीन तास वीस मिनिटांत एकाचे हजारावर. डबा उन्हात का ठेवायचा नाही याचं उत्तर तिचं तीच देईल.

झोप आपल्यासारखी नसते. पण काही जिवाणू वाईट दिवस आले की जाड कवच करून गप्प पडून राहतात, वर्षानुवर्षंसुद्धा. विषाणूंचं वेगळंच: पेशीबाहेर ते ना खातात ना वाढतात, झोप आणि जाग हा प्रश्नच नाही.

आकारासाठी माझं ठरलेलं उदाहरण: एक जिवाणू खसखशीच्या दाण्याएवढा फुगवला आणि त्याच प्रमाणात तुला फुगवलं, तर तुझी उंची सव्वा किलोमीटर होईल. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे तिच्या खांद्याला लागशील. विषाणू मात्र तेव्हाही खसखशीच्या दाण्याचा जेमतेम दहावा भाग.

आणि एक आगाऊ सल्ला. "जंतू मारायचे" हे बोलणंच घरातून कमी करा. बहुतेक जिवाणू आपलं काही बिघडवत नाहीत, आतड्यातले तर कामाचे आहेत, दह्यातले आपण मुद्दाम विरजण लावून वाढवतो. जो थोडा आजार करणारा गट आहे, त्याला आपल्यापर्यंत यायला वाट लागते. दाराच्या कडीवरचा जंतू स्वतः चालत तुमच्या तोंडात येऊ शकत नाही, त्याला आपला हात नेतो. त्यामुळे कडी बिनधास्त हाताने उघडावी, जेवायच्या आधी हात धुवावेत. आजीने हात धुतले की आजीचा घास एकदम पास.

कांदेपोहे_डोंबिवली

मिरीची गोष्ट आजच रात्री. खांद्याला लागशील हे मात्र सांगितलं आणि ती लगेच कळसूबाईला कधी जायचं म्हणून मागे लागली आहे. :)

पण साबणाने मेलेल्यांचं काय? त्या प्रश्नावर ती अडून बसली आहे.

सूक्ष्मजीवी

राहिलंच की. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. हातावर तेलकटपणाचा पातळ थर असतो, जंतू त्यात चिकटलेले. साबण तो थर सोडवतो आणि जंतू पाण्याबरोबर वाहून जातात, त्यांतले कित्येक जिवंतच. फ्लू, करोना यांच्या विषाणूंचं बाहेरचं वेष्टणच चरबीचं, ते मात्र साबणाने फाटतं आणि त्यांचा कारभार आटोपतो.

मोरीतून पुढे सांडपाण्याच्या केंद्रात गेलं तर तिथे जिवाणूच पाणी साफ करतात. मोठमोठ्या टाक्यांत त्यांना श्वास घेता यावा म्हणून यंत्राने हवा सोडतात आणि ते मैला खाऊन टाकतात. प्रेतांचा प्रश्न विचारणाऱ्या पोरीला हे नक्की आवडेल.

रानवाटा

यासाठी एक सोपा प्रयोग आहे. बशीत पाणी घ्यायचं, वर मिरपूड भुरभुरवायची. मिरपूड म्हणजे जंतू. बोटाला भांडी घासायचं लिक्विड लावून मधे टेकवलं की सगळी मिरपूड कडेला पळते. आमचा चिरंजीव टाळ्या पिटत होता. व्हिडिओही भरपूर आहेत.

सूक्ष्मजीवी

@रानवाटा, प्रयोग मजेचा आहे, पण तो पृष्ठताणाचा प्रयोग आहे. साबणामुळे पाण्याच्या वरच्या थराचा ताण तुटतो आणि मिरपूड बाजूला ओढली जाते. मूल त्यातून काय शिकतं? साबणाचं बोट लावलं की जंतू घाबरून पळतात, चोळायची गरजच नाही. प्रत्यक्षात सगळी करामत चोळण्यात आहे. पृष्ठताण शिकवायचा असेल तर जरूर करा.

रानवाटा

घ्या! म्हणजे चिरंजीव हल्ली नुसतं एक बोट बुडवून येतात ते यामुळे होय.

झेडपी_गुरुजी

नमस्कार. सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, दुसरी-तिसरीचा वर्ग. मिरपुडीपेक्षा आमचा हळदीचा प्रयोग करून बघा, खर्च शून्य.

एक चमचा खोबरेल तेलात चिमूटभर हळद कालवायची. मुलाच्या दोन्ही तळव्यांना, बोटांच्या मधे, नखांच्या कडेला चोळून लावायची. आधी नुसत्या पाण्याने हात धुवायला सांगायचं. पाणी ओघळून जातं, हात पिवळे ते पिवळेच. पोरं जोर लावतात, एकमेकांचे हात बघून हसतात. मग वडीचा साबण द्यायचा. साबण लागताच पिवळा रंग लालसर होतो, कारण वडीचा साबण अल्कधर्मी असतो. (बाटलीतल्या हँडवॉशने बहुतेक वेळा होत नाही, ते सौम्य असतात.) वर्गात एकच गलका होतो. फेस धुऊन टाकला की खरी परीक्षा: हात उन्हात धरायचे आणि पिवळं कुठे राहिलंय ते शोधायचं. जवळपास सगळ्यांचं एकाच ठिकाणी सापडतं, अंगठ्याच्या मुळाशी आणि नखांच्या कोपऱ्यात. उजव्या हाताने काम करणाऱ्यांचा उजवा अंगठा जास्त पिवळा राहतो, कारण तो चोळायचं काम डाव्या हाताकडे येतं. हे गेल्या वर्षी एका तिसरीतल्या मुलीने शोधून काढलं, मी नाही.

त्यानंतर "नीट धुवा रे" म्हणून ओरडावं लागत नाही. खिचडीच्या रांगेत तीच पोरं एकमेकांचे अंगठे तपासतात. वेळेसाठी बेचा पाढा सावकाश दोनदा म्हणायचा, वीस सेकंद सहज होतात. गणवेशावर डाग पडले तर पालकांची बोलणी खायची तयारी ठेवा.

दुसरी गोष्ट, गावाकडच्यांनी मुलांना पाण्याची टाकी दाखवावी. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल पावडरचं (जंतू मारणाऱ्या क्लोरीनच्या ब्लीचिंग पावडरचं) द्रावण सोडतो, मग घरोघरच्या नळाचं पाणी काचेच्या नळीत घेऊन ओटी टेस्ट करतो. थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे. पिवळं झालं नाही तर गडबड. आमच्या मुलांनी एकदा वाडीच्या शेवटच्या नळाची टेस्ट बघितली आणि तिथे रंगच आला नाही, तेव्हा त्यांनी जे प्रश्न विचारले ते ग्रामसभेतसुद्धा कोणी विचारत नाही.

तुरटी फिरवली म्हणजे पाणी शुद्ध झालं असं अनेक घरांत मानतात. तुरटीने गाळ खाली बसतो, गाळाबरोबर काही जंतूही बसतात, पण सगळे नाही. पिण्यासाठी खळखळून उकळी आली पाहिजे.

पावशेर

गुरुजी, दंडवत. उजव्या अंगठ्याचं आत्ताच तपासलं. बरोबर आहे.

जुनाजाणता

हे सगळं वाचून हसू येतं. आम्ही विहिरीचं पाणी पोहऱ्याने काढून प्यायलो, पडलेली बोरं उचलून खाल्ली, मातीत लोळलो. ना हँडवॉश ना सॅनिटायझर. काही झालं नाही. आताच्या पोरांना काचेत ठेवून नाजूक करून टाकलंय.

बालरोग_कट्टा

काका, ज्यांना काही झालं ते या धाग्यावर लिहायला आलेले नाहीत. तुमच्या आईला विचारता आलं असतं तर त्या पिढीच्या घराघरात गेलेल्या बाळांची यादी मिळाली असती: गोवर, घटसर्प, हगवण. आणि एक करा, सदऱ्याची बाही वर करून दंड बघा. देवी काढल्याच्या खुणा असतील. त्या जगाने तुम्हाला नुसतं माती-विहिरीवर सोडलेलं नव्हतं.

मुलांना लस समजावायला घरातल्या आजी-आजोबांच्या या खुणा फार उपयोगी पडतात. इंग्लंडात जेन्नरने १७९६ मध्ये गाईच्या देवीची लस टोचून बघितली. सहा वर्षांत ती मुंबईत पोचली, १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली आणि ती भारतातली पहिली. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ सालचा, १९८० मध्ये आजार जगातून संपल्याचं जाहीर झालं. म्हणून आजीच्या दंडावर ती खूण आहे, तुझ्या दंडावर नाही. तुझ्या डाव्या दंडावर जो छोटा खळगा आहे तो बीसीजीचा, क्षयासाठी.

आत काय होतं? रक्तातल्या पांढऱ्या पेशी परक्या गोष्टीला ओळखतात, तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडी) बनवतात आणि त्यांतल्या काही पेशी ती ओळख वर्षानुवर्षं जपून ठेवतात. लस म्हणजे मेलेला, दुबळा केलेला जंतू किंवा त्याचा नुसता एक तुकडा दाखवून ती ओळख आधीच करून देणं. सुई कशाला, असं विचारलंच तर पोलिओचे थेंब आहेत. डाव्या करंगळीवर लावलेली ती शाई प्रत्येक मूल ओळखतं. भारतातला शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी २०११ मधला, हावड्याचा.

रडण्याचं उत्तर: जंतू थोडेफार धुऊन निघतातच, शिवाय अश्रूंमध्ये लायसोझाइम नावाचं द्रव्य असतं, ते काही जिवाणूंची भिंत फोडतं. पेनिसिलिनवाल्या फ्लेमिंगने ते पेनिसिलिनच्या आधी शोधलं, आणि तेही सर्दी झालेली असताना स्वतःचा शेंबूड तपासून. ही गोष्ट सांगितल्यावर न हसणारं मूल मला अजून भेटायचंय.

सूक्ष्मजीवी यांच्या "वाट" या मुद्द्याला जोरदार अनुमोदन, एक भर घालतो. सगळ्या वाटा हातावरून जात नाहीत. गोवराचा विषाणू हवेत राहतो, रुग्ण खोलीतून गेल्यावर दोन तासांपर्यंत. तिथे हात धुऊन भागत नाही, तिथे लसच. डेंग्यूची वाट डासाच्या सोंडेतून, म्हणून कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी ओता. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) वाट पावसात तुंबलेल्या पाण्यातून पायावरच्या जखमेत, कारण त्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं. २००५ च्या २६ जुलैच्या पुरानंतर मुंबईने तो चांगलाच भोगला. प्रत्येक आजाराला "हा येतो कुठून?" एवढा एकच प्रश्न विचारायची सवय लागली की मूल उगाच कडीला घाबरत नाही आणि डबक्यात अनवाणी उतरतही नाही.

जुनाजाणता

खुणा आहेत, दोन. ते सोडा. पण मातीत खेळू द्या हे माझं म्हणणं कायम आहे.

बालरोग_कट्टा

त्यावर वादच नाही काका. खुशाल लोळू द्या. जेवायला बसताना मोरीकडे पाठवा, झालं.

इतिहासवेडा

"वाट" वरून मुंबईचा प्लेग आठवला. थोडं अवांतर, पण दहा-बारा वर्षांच्या मुलांना सांगण्याजोगं आहे.

१८९६ मध्ये मांडवी भागात गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी पहिल्यांदा ओळखलं की हा प्लेग आहे. गंमत म्हणजे प्लेगचा जंतू दोन वर्षं आधी, १८९४ मध्ये हाँगकाँगला येरसँने शोधलेला होता. म्हणजे गुन्हेगार माहीत होता, पण तो घरात शिरतो कसा हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मग काय, भिंतींना चुना फासा, गटारांत कार्बोलिक ओता, लोकांचं सामान जाळा. उंदीर पडायला लागले की घर सोडायचं हे सामान्य माणसाला अनुभवाने कळलं होतं, पण का ते नाही. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने दाखवलं की मेलेल्या उंदराच्या अंगावरची पिसू दुसऱ्या जिवाकडे जाते आणि जंतू तिच्याबरोबर जातो. पुढची काही वर्षं त्याचं कोणी फारसं मनावर घेतलं नाही, हा भाग मला सगळ्यात जास्त चटका लावतो.

दरम्यान हाफकिन यांनी भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या एका लहानशा प्रयोगशाळेत लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. त्याच साली, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. शाळेत त्यांच्या जयंतीला मुलं भाषणं करतात, त्यांतल्या किती जणांना पिसूबद्दल सांगितलेलं असतं कोण जाणे.

चुलीपाशी

सगळं पटलं. मला एक शंका. वर लिहिलंय की काही जिवाणू कवच करून पडून राहतात. मग उकळूनही ते मरत नाहीत का? आमच्याकडे रात्रीचा भात ओट्यावरच असतो, सकाळी फोडणीचा भात.

सूक्ष्मजीवी

नेमकं बोट ठेवलंत. तांदळात बॅसिलस सेरेयस नावाच्या जिवाणूचे कवचबंद बीजाणू असू शकतात, भात शिजला तरी ते टिकतात. भात कोमट राहिला की ते जागे होऊन वाढतात आणि एक विष तयार करतात, ज्याने उलट्या होतात. ते विष फोडणीच्या उष्णतेने जात नाही, हीच मेख आहे. भात पसरट भांड्यात लवकर निववून तास-दोन तासांत फ्रिजमध्ये टाका, सकाळी खुशाल फोडणी द्या.

पावशेर

फोडणीच्या भाताच्या वाटेला जाल तर या धाग्यावर दंगल होईल, सांगून ठेवतो.

चुलीपाशी

फ्रिजमधला भात मोकळाही छान होतो, दंगलीची गरज नाही. कालपासून सुरू केलं.

कांदेपोहे_डोंबिवली

सर्वांचे आभार. हळदीचा प्रयोग झाला. आजीने स्वतःच्या हाताला लावून घेतली, लेकीने तिचे अंगठे तपासले, नखाच्या कडेला पिवळं सापडलं म्हणून परत धुवायला पाठवलं. तह झालेला आहे.

आता नवीन मागणी: "मला खरे बघायचेत, चित्रातले नको." घरी काही जमेल का? कागदाचा सूक्ष्मदर्शक मिळतो म्हणे.

सूक्ष्मजीवी

फोल्डस्कोप. मनु प्रकाश यांच्या स्टॅनफर्डच्या गटाने बनवलेला, घडी घालून जोडायचा. साधारण १४० पट मोठं दिसतं. डबक्यातल्या पाण्यातले जीव, कांद्याच्या पापुद्र्याच्या पेशी, पावावरची बुरशी यांसाठी मस्त. दह्यातले जिवाणू त्यात जेमतेम ठिपके दिसतील, त्यांचे काड्यांसारखे आणि मण्यांच्या माळांसारखे आकार स्पष्ट बघायचे तर किमान ४०० पटीचा साधा सूक्ष्मदर्शक हवा. ओळखीच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत विचारा, शनिवारी दुपारी सहसा कोणी नाही म्हणत नाही.

काचपट्टीवर दह्याचं पाणी अगदी पातळ पसरा, वाळू द्या, मेणबत्तीच्या ज्योतीवरून दोनदा फिरवा (हे तुम्ही करा, तिने नाही), मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचा एक थेंब, मिनिटभराने हलक्या धारेखाली धुवा.

रानवाटा

मिथिलीन ब्लू कुठे मिळेल? औषधाच्या दुकानात विचारलं तर विचित्र नजरेने बघतात.

पावशेर

शोभेच्या माशांच्या दुकानात मागा, माशांच्या औषधासाठी ठेवतात.

झेडपी_गुरुजी

जुना टीशर्ट घालून करा. हळदीचा डाग उन्हात उडतो, हा निळा नाही उडत.